साखरपुड्याला हळद लावत नाहीत

सुरेखाला साडी नेसवायची नव्हती, पांघरवायची होती. निऱ्या घालायच्या तर माणसाला उभं राहावं लागतं, आणि सुरेखा कितीतरी दिवसांत उभी राहिली नव्हती. म्हणून तिची मोरपंखी सिल्क मी गाऊनवरूनच घेतली. पदर खांद्यावर आणून पिन मारली, बाकीची साडी पायांवरून चादरीसारखी पसरली आणि पलंगाच्या कडेला लटकणारी लघवीची पिशवी काठाखाली झाकून टाकली. पाठीला उशा लावल्या, गुडघ्यांखाली एक सरकवली. मग हातात आरसा दिला.

"सिस्टर, आजारी नाय ना वाटत मी?"

"आजारी? नवरीची करवली वाटतेस. उद्या तुलाच मागणी घालतील कोणीतरी."

ती हसली. हसताना दुखलं नाही, हे मी नजरेने टिपून घेतलं. सकाळची गोळी लागू पडली होती. बाहेरच्या खोलीत पाहुणे जमत होते. सुरेखाच्या मुलीचा, सायलीचा साखरपुडा होता, आणि तो आईने बसून पाहावा यासाठी आमची टीम आठवडाभर खपत होती.

मी पॅलिएटिव्ह केअरची नर्स आहे. जो आजार आता बरा होणार नाही, त्यातलं दुखणं, उलट्या, जखमा, झोप हे सगळं सांभाळायचं, तेही पेशंटच्या घरी जाऊन, हे माझं काम. मुलुंडपासून भांडुपपर्यंतचा पट्टा माझ्याकडे आहे. आयुष्य वाढवणं आमच्या हातात नसतं. उरलेलं सोसवेल असं करणं, एवढंच असतं. माझा नवरा लोकांना 'बायको नर्स आहे' इतकंच सांगतो. पुढचं सांगितलं की लोक चहा अर्धा टाकून उठतात, हा त्याचा अनुभव आहे.

सुरेखा नाहूरला राहायची. नवरा प्रकाश लिफ्टचा मेकॅनिक. प्रकाशचे वडील कोकणातून गिरणीत आले, गिरणी गेली, ते गेले, मुलगा लिफ्ट दुरुस्त करायला शिकला आणि त्यावर दोन खोल्यांचं घर झालं. सरळ माणसं. सुरेखाला गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर होता आणि तो कळेपर्यंत मणक्यात पोचला होता. हॉस्पिटलने हात टेकले तेव्हा ती आमच्याकडे आली.

पेशंटची आणि आपली थोडी ओळख झाली की आम्ही एक प्रश्न विचारतो. मनात काय राहिलंय? उत्तरं फार मोठी नसतात. कोणाला बांगड्याचं तिखलं खायचं असतं, कोणाला अबोला धरलेल्या भावाला भेटायचं असतं. एका आजोबांना मरण्याआधी एकदा टीव्हीचा रिमोट स्वतःच्या हातात हवा होता. जमेल तसं आम्ही जमवतो. सुरेखाला विचारलं तेव्हा ती पटकन म्हणाली, "सायलीचं झालं की मी मोकळी."

"काय, दहावी?"

"दहावी काय, होतेच. लग्न."

मी हसले. मला वाटलं, गोळीची गुंगी आहे. सायली पंधरा वर्षांची होती. दोन वेण्या घालून, पलंगाच्या पायथ्याशी बसून भूमितीची प्रमेयं पाठ करायची. पण सुरेखा शुद्धीवर होती आणि तिने मला सगळं नीट सांगितलं. सायलीच्या बारशाला प्रकाशची मोठी बहीण, शालन, पाळण्याची दोरी धरून म्हणाली होती, "ही माझी सून." आत्याने भाचीला सून म्हणून मागून ठेवायचं, हे आपल्याकडे घरोघरी चालतं. सगळे हसतात, घुगऱ्या खातात, घरी जातात. नव्वद टक्के वेळा मुलगा-मुलगी मोठी होईपर्यंत कोणाच्या ते लक्षातही राहत नाही. सुरेखाच्या आजारपणाने ती बारशातली थट्टा उकरून वर काढली.

"मला सावत्र आईने वाढवलं," सुरेखा म्हणाली. "मी सांगत नाय कोणाला. पण माझ्या पोरीला तसे दिवस नकोत. हे काय, दिवसभर कोणाच्या तरी लिफ्टच्या खड्ड्यात उतरलेले असतात. वर्षभरात त्यांना लोक दुसरी बघून देतील. शालनताई तिला पोटाशी धरतील. त्या वाईट नाहीत."

शालन वाईट नव्हतीच. भावजयीच्या आजारपणात गावचं घर, काजूची बाग टाकून ती येऊन राहिली होती. सुरेखाला भरवणं, तिचे केस विंचरणं, पाठीला जखम होऊ नये म्हणून कूस बदलून देणं, सगळं ती करायची. माझ्या कामात बारा गावचे नातेवाईक पाहिलेत. इतकं करणारी नणंद विरळा.

मी सुरेखाला सांगितलं की अठराच्या आत लग्न लावणं गुन्हा आहे, त्यात प्रकाश अडकेल, शालन अडकेल, भटजीसुद्धा अडकतील. तिने ऐकून घेतलं. पुढच्या भेटीत म्हणाली, "बरं, लग्न नको. साखरपुडा तरी करू दे. बोलणी पक्की झालेली बघितली की झालं."

मी डॉक्टर मॅडमना विचारलं. त्या आमच्या टीमच्या प्रमुख.

"साखरपुड्याच्या आड कायदा येत नाही," त्या म्हणाल्या.

"पण मॅडम, पंधरा वर्षांची पोर आहे."

"मलाही आवडलेलं नाही. पण साखरपुडा मोडता येतो, लग्न मोडताना पोरीची वाट लागते. आईला तेवढ्यावर समाधान मिळत असेल तर मिळू दे. तू प्रकाशकडून एकदा शब्द घे, आणि तिला बसती कर."

मी प्रकाशला विचारलं, "फक्त साखरपुडा ना?"

"हो सिस्टर," तो म्हणाला. नजर जमिनीवर होती, पण त्याची नजर नेहमीच जमिनीवर असायची.

मग आम्ही तयारीला लागलो. मॉर्फिनचं नाव काढलं की घरचे दचकतात. खरं तर ते साधं गणित असतं. दुखणं उसळल्यावर गोळी द्यायची नसते, उसळायच्या आधी द्यायची असते. कमी पडली तर पेशंट कळवळतो, जास्त झाली तर गुंगीत जातो. सुरेखाला त्या दिवशी दोन्ही नको होतं. म्हणून आठवडाभर आम्ही मात्रा थोडी वर, थोडी खाली करत तिचा मधला मार्ग शोधून काढला. गोळ्यांची वेळ सायली सांभाळायची. शाळेत जाताना ती आत्याला बजावून जायची आणि आल्यावर आत्याची उलटतपासणी घ्यायची. घरात ह्या बाबतीत तिचा शब्द शेवटचा होता.

तर त्या सकाळी साडी पांघरून, आरसा दाखवून झाल्यावर मी सुरेखाच्या केसांना गजरा लावत होते. दार ढकलून सायली आत आली. पाण्याचा तांब्या घेऊन आली होती. दोन्ही हातांत कोपरापासून मनगटापर्यंत हिरवा चुडा होता. ती वाकून पाणी ओतायला लागली आणि वेणी पुढे आली. मानेवर, कानांमागे पिवळं होतं. घासून धुतलं तरी हळद केसांच्या मुळाशी राहते, ती तशी राहिली होती.

साखरपुड्याला हळद लावत नाहीत.

मी गजऱ्याची पिन तशीच हातात धरून उभी राहिले. सुरेखाने माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर दाराकडे वळवली. तेवढ्यावरून मला सगळं कळलं.

साखरपुड्यातच लग्न उरकणं ही आपल्याकडची जुनी रीत आहे. सगळे जमलेत, भटजी आलेत, मग परत खर्च कशाला, म्हणून लगेच अक्षता टाकून मोकळे होतात. माझ्या चुलत बहिणीचं लग्न असंच झालं. सकाळी ती साखरपुड्याला म्हणून गेली आणि संध्याकाळी सासरी पोचली. त्यात काही गैर नाही. पण ती सव्वीस वर्षांची होती.

मी बाहेर आले. खोलीतलं फर्निचर गॅलरीत हलवलं होतं. मध्ये दोन पाट मांडलेले. सांताक्रूझहून आलेला सुरेखाचा भाऊ अंतरपाटाची घडी काखेत धरून उभा होता. शालनचा मुलगा नितीन, चांगला सव्वीस-सत्तावीस वर्षांचा, मुंडावळ्या बांधून खुर्चीत बसला होता आणि जमेल तितकं कोणाकडे बघत नव्हता. मी प्रकाशला हाक मारली आणि स्वयंपाकघरात नेलं.

"हे काय चाललंय?"

तो ओट्यावरचं पातेलं उगाच सरकवत राहिला.

"प्रकाश, मला शब्द दिला होता तुम्ही."

"सिस्टर, तिला किती दिवस राहिलेत, तुम्हीच सांगा."

"थोडेच."

"मग मी काय सांगू तिला? नाय म्हणून सांगू?" त्याचा आवाज फाटला. "सतरा वर्षांत तिने माझ्याकडे काही मागितलं नाय."

शालन पाठोपाठ आत आली. पदराला हात पुसत शांतपणे म्हणाली, "सिस्टर, आमी काय तिका रानात सोडतो? चेडू माज्याच घरात येतला. शाळेत घालतलंय. अठरा होईपर्यंत माज्या कुशीत झोपतला, झिलाक, नितीनाक सांगून ठेवलंय मी. तुमका लिहून देऊ?"

ती खोटं बोलत नव्हती. तिचा स्वतःच्या शब्दावर पुरता विश्वास होता. पण माझ्या डोळ्यांपुढे प्रमेयं पाठ करणारी ती पोरगी होती. उद्या शालनचंच काही बरंवाईट झालं तर त्या घरात तिचं कोण? सासूची कूस हा कुठे लिहून घ्यायचा कायदा नाही.

"शालनताई, तुमच्याबद्दल शंका नाही मला. पण हे लग्न लागणार नाही."

"कोण थांबवतला?"

"मी."

मी सायलीला बाजूला घेतलं. "तुला कोणी विचारलं का?"

"विचारलं. मी हो म्हटलं."

"का गं?"

"आई बघून जाईल ना," ती म्हणाली. तिला तो प्रश्न खुळ्यासारखा वाटला असावा. तिच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं. म्हणूनच तो निर्णय तिच्यावर सोडता येत नव्हता. आई मरणाच्या दारात असताना पंधरा वर्षांची मुलगी कशालाही हो म्हणेल.

मी जिन्यात जाऊन डॉक्टर मॅडमना फोन लावला.

"मॅडम, साखरपुडा नाही. लग्न लावतायत."

पलीकडून एकच प्रश्न. "पेशंट कशी आहे?"

"बसलीय. जागी आहे. दुखत नाहीये."

"बरं. मुलांच्या हेल्पलाईनला मी फोन करते, आपल्या सोशल वर्करलाही पाठवते. तू तिथून हलू नकोस."

"हाकलतील मला."

"मग दाराबाहेर उभी राहा. पुढचा डोस चुकता कामा नये."

परत आले तेव्हा बातमी पसरली होती. सगळ्यात आधी भटजी उठले. त्यांनी पोथी पिशवीत टाकली, मला दुसऱ्या घरी सत्यनारायण आहे म्हणाले आणि लिफ्टचीही वाट न बघता जिन्याने गेले. सुरेखाचा भाऊ माझ्यावर ओरडला. कोण तुम्ही, आमच्या घरात तुमचा काय संबंध, वगैरे. ते मी ऐकून घेतलं. ह्या कामात शिव्या खायची सवय असते. मरणावरचा राग मरणावर काढता येत नाही, तो नर्सवर काढतात.

सुरेखाच्या खोलीत जाणं मात्र जड गेलं.

ती तशीच बसली होती, साडी पांघरून, गजरा अर्धा लावलेला. बाहेरचा आवाज तिने ऐकला होता.

"तुम्हीच विचारलंत ना मला?" ती म्हणाली. "मनात काय राहिलंय म्हणून?"

"हो."

"मी सांगितलं."

"हो सुरेखा."

"मग विचारलंत कशाला?"

मी तिचा हात धरायला गेले, तिने तो काढून घेतला. त्या हातात फार ताकद नव्हती, पण तो निघाला.

पुढच्या डोसची वेळ झाली. मी गोळी आणि पाणी घेऊन गेले. सुरेखाने तोंड घट्ट मिटून घेतलं.

"नको तुमची गोळी."

"सुरेखा, राग माझ्यावर काढ, अंगावर काढू नकोस. थोड्या वेळाने फार दुखेल."

"दुखू दे. बघू दे सगळ्यांना."

तिला दुखायला लागलं. कपाळावर घाम आला, बोटं साडीच्या काठात रुतली. शालन रडत होती, विनवत होती. माझ्या नोकरीत इतकं असहाय मला कधी वाटलं नव्हतं. दुखणं थांबवणारी गोळी माझ्या हातात होती, ती बाई माझ्या समोर होती, आणि मी काही करू शकत नव्हते.

सायलीने माझ्या हातातून गोळी घेतली. चुडा वाजत होता. ती पलंगावर चढून आईच्या जवळ बसली. "आई, माझ्या हातून घे. मी देते ना रोज." सुरेखाने डोळे मिटून तोंड उघडलं. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले, कारण मला रडू आवरत नव्हतं आणि युनिफॉर्ममध्ये रडायचं नाही हा माझा नियम आहे.

त्यानंतर बालविकास अधिकारी आल्या, सोबत एक महिला कॉन्स्टेबल आणि आमची सोशल वर्कर. अधिकारी बाई समजूतदार होत्या. आवाज चढवला नाही. पलंगावरच्या बाईकडे पाहून चपला बाहेर काढूनच आत आल्या. त्यांनी प्रकाशला आणि शालनला समोर बसवून कायदा सांगितला आणि मुलगी अठराची होईपर्यंत लग्न लावणार नाही असं प्रकाशकडून लिहून घेतलं. नितीनने मुंडावळ्या कधी सोडल्या ते कळलंच नाही. तो गॅलरीत एकावर एक ठेवलेल्या सोफ्यांच्या आड जाऊन बसला होता.

सगळं आटपलं असं वाटलं तेव्हा शालन उठली.

"बाई, लग्न नाय म्हणता ना तुमी?"

"नाही."

"साखरपुडो?"

अधिकारी बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "करू नये असं मी सांगेन. पण कायद्याने मला तो थांबवता येत नाही."

शालनने कमरेची पिशवी सोडली, अंगठी काढली आणि पोलिसांच्या देखत सायलीच्या बोटात घातली. साखरेचा पुडा तिच्या ओंजळीत ठेवला. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. ती आत गेली आणि भावजयीला म्हणाली, "बघ गो सुरेखा, झाली माजी." सुरेखाने बघितलं नाही. तिचं तोंड भिंतीकडे होतं. तिला अक्षता बघायच्या होत्या, त्या राहिल्या होत्या.

अशा प्रकरणात मुलीला बालकल्याण समितीपुढे न्यावं लागतं. दुसऱ्या दिवशी सायलीला नेलं. समितीने तिची चौकशी केली, तिला वडिलांकडेच ठेवलं, अधूनमधून येऊन बघू म्हणाली. यात तो पूर्ण दिवस गेला. सुरेखाजवळ उरलेल्या मोजक्या दिवसांतला एक दिवस तिची मुलगी सरकारी बाकावर बसून होती. हेही माझ्याच फोनमुळे.

डॉक्टर मॅडम मला म्हणाल्या, "दुसरी सिस्टर पाठवू का तिथे?"

मी सुरेखालाच विचारलं.

"कोणीपण येऊ दे. काय फरक पडतो," ती म्हणाली.

म्हणून मीच जात राहिले. ती मला हात द्यायची, पाठ द्यायची, जखम बघू द्यायची. तोंड देत नव्हती. पूर्वी ती मला शेजाऱ्यांच्या कुचाळक्या सांगायची, माझ्या सुनेची चौकशी करायची. आता मी बडबडायचे आणि ती भिंत बघायची. गोळ्या सायली द्यायची. मात्रा बरोबर बसली होती, सुरेखा कण्हत नव्हती. पण डोळ्यांतून पाणी वाहत असायचं. पुसलं की परत यायचं. शालन ते पुसत बसायची.

एका दुपारी ती गेली. श्वास लांब लांब होत गेला आणि मग पुढचा आलाच नाही. आम्ही ज्याला शांत म्हणतो, तसं. सायली उशाशी होती. अंगठी बोटात होती आणि बोटाला सैल होती म्हणून तिने तिला दोरा गुंडाळला होता.

पेशंट गेल्यावर काही आठवड्यांनी आम्ही त्या घरी एकदा जातो. औषधं परत आणायची असतात, पण खरं म्हणजे माणसं कशी आहेत ते बघायचं असतं. मला जायचं नव्हतं. तरी गेले. प्रकाशने दार उघडलं, चहा त्यानेच केला. साखर जास्त पडली होती. शालन दिवसकार्य उरकून गावी गेली होती, पण फोन रोज येत होता.

"ताई म्हणते, वर्षाच्या आत लग्न करून टाकू," तो म्हणाला.

घरात कोणी गेलं की लग्नकार्य एक तर वर्षाच्या आत करायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं, अशी आपल्याकडे समजूत आहे. मला ती ठाऊक होती.

"तुम्ही लिहून दिलंय, प्रकाश."

"कागदाचं काय घेऊन बसलात सिस्टर. गावी कोण बघायला येतंय? ताई मला लहानपणापासून सांगते आणि मी ऐकतो." तो कपात बघत राहिला. "ह्या वेळी मी सांगितलं, वर्षाच्या आत मला जमणार नाय. माझं मन नाय. मग तीन वर्षं आपोआप थांबावं लागतं. ताईशी भांडायची माझी ताकद नाय. पण रीतीशी ताईपण भांडणार नाय."

मला हसूही आलं आणि रडूही. अधिकारी, पोलीस, समिती, कायदा, सगळं आम्ही उभं केलं होतं. पोरीला अठरापर्यंत नेणार होती ती एक जुनी समजूत, आणि बहिणीला नाही म्हणता न येणारा एक माणूस.

"आणि तीन वर्षांनी?"

"तेव्हा ती ठरवेल. आईला तिने शब्द दिलाय, असं म्हणते."

निघताना सायली मला खाली रिक्षापर्यंत सोडायला आली. दहावीची परीक्षा दिली होती. बरे गेले पेपर, म्हणाली. भूमिती थोडी राहिली. हातातला चुडा गेला होता, अंगठी होती. गेटजवळ ती थांबली.

"सिस्टर, मी गोळ्या वेळेवर दिल्या ना?"

"एकही चुकवली नाहीस. इतकं नेमाने नर्ससुद्धा देत नाहीत."

"मग आईला शेवटी दुखत नव्हतं?"

"नाही बाळा. दुखत नव्हतं."

"मग ती रडत का होती?"

खोटं बोलायला मी तोंड उघडलं होतं. आजारात डोळ्यांतून असं पाणी येतं, असं सांगता आलं असतं. कोणीही विश्वास ठेवला असता. पण ती वाट बघत होती आणि उत्तर तिला आधीच माहीत होतं.

"तुझ्या लग्नासाठी," मी म्हटलं.

"तुम्ही नसता आलात तर हसत गेली असती."

"हो. गेली असती."

तिने मान हलवली. रागाने नाही, हिशेब जुळल्यासारखी. मग "नीट जा" म्हणाली आणि आत गेली. मागे वळली नाही.

आमच्या ट्रेनिंगमध्ये एक शब्द पहिल्याच दिवशी शिकवतात. चांगला मृत्यू. दुखणं नाही, आपली माणसं जवळ, मनात काही राहिलेलं नाही, असा. त्यासाठीच आम्ही घरोघरी फिरतो. सुरेखाचा मृत्यू चांगला झाला नाही. तो मी होऊ दिला नाही. उद्या तीच वेळ आली तर परत होऊ देणार नाही, आणि तेव्हाही घरी येऊन माझं जेवण जाणार नाही. या कामात ह्या दोन्ही गोष्टी एकाच पगारात येतात.